कुमार कादंबरी लिहितेय. गाणारी मुलगी गायब होते. गुन्हेगार कोण असावा? (मदत हवी)

शाईपेन

नमस्कार मंडळी,

बारा ते सतरा वयाच्या पोरांसाठी एक रहस्यकादंबरी लिहायला घेतली आहे. निम्मी झाली आणि अडले, म्हणून हा धागा.

गोष्ट थोडक्यात अशी. जुई, वय सतरा, मूळची वाईची. दहाव्या वर्षी, २०१८ मध्ये, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत दुसरी आली. मग वडिलांनी नोकरी सोडली आणि बिऱ्हाड गोरेगावला हललं. आई तिचे कपडे, मेकअप आणि चॅनल बघते, वडील कार्यक्रमांच्या तारखा. मॅनेजर आहेच. २०२५ चे गणपती तोंडावर आलेत, ठाण्यात मोठा कार्यक्रम लागलाय, तिकिटं संपलीत, आणि आदल्या संध्याकाळी तालमीतून बाहेर पडलेली जुई घरी पोचत नाही. दोन दिवसांनी सगळ्यांच्या फोनवर तिच्या आवाजातला संदेश येतो: "मी ठीक आहे, शोधू नका, थोडे दिवस एकटं राहायचंय." शेवटी नेहमीच्या सवयीने भूप रागातली एक ओळ गुणगुणलेली.

गोष्ट सांगते तिची मामेबहीण मीरा. वय पंधरा, अजून वाईतच राहते. लहानपणी जुईला पेटीवर साथ करायची.

अडलंय ते असं. तो आवाज खोटा, म्हणजे बनवलेला आहे. पण हे पंधरा वर्षांच्या मुलीला कसं कळावं? पोलीस अशा वेळी नक्की काय करतात? आणि मुख्य म्हणजे गुन्हेगार कोण? सध्या मॅनेजर आहे, पण मलाच पटत नाहीये.

तिरफळ

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

मॅनेजर नको हो! पहिल्या पानावर गॉगल लावून येतो तेव्हाच पोरं ओळखतात. आणि वेडा चाहताही नको, भिंतभर फोटो चिकटवलेला. माझ्या पुतण्याला असली गोष्ट सांगायला घेतली तर तो तिसऱ्या वाक्याला म्हणतो, काका, मॅनेजरने केलं ना?

बाकी विषय झकास. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

उंबरठा

वकिली करतो म्हणून दोन शब्द. लांबेल, सांभाळून घ्या.

आधी पोलीस. बेपत्ता व्यक्ती अठराच्या आतली असेल तर नुसती 'मिसिंग'ची नोंद करून चालत नाही. १० मे २०१३ ला बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेपत्ता मुलाच्या प्रत्येक तक्रारीत अपहरण किंवा तस्करी झाली असं आधी गृहीत धरायचं आणि गुन्हा नोंदवायचा. त्यामुळे तुमच्या कथेत पहिल्याच रात्री अज्ञात इसमाविरुद्ध अपहरणाचा एफआयआर होईल, भारतीय न्याय संहितेचं कलम १३७. पूर्वीचं आयपीसी ३६३. "चोवीस तास थांबा, येईल परत" म्हणणारा हवालदार कृपया घालू नका.

पोरगी स्वतःहून निघून गेली असली तरी कागदावर अपहरणच लागतं. सापडली की तिला बालकल्याण समितीपुढे नेतात, आणि "मला घरी जायचं नाही" असं ती तिथे सांगू शकते. हा प्रसंग कुणी नीट लिहिलेला माझ्या तरी वाचनात नाही. तुम्ही लिहा.

आता पैसा. २०१७ च्या जूनमध्ये बालकामगार नियम बदलले. चौदाच्या आतल्या मुलाला कार्यक्रमात घ्यायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. आणि मुलाच्या कमाईतले निदान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत, ते तो सज्ञान झाल्यावर मिळणार. तुमची जुई २०१८ मध्ये दहाची, म्हणजे नियम तिला लागू. पण चौदा पूर्ण झाले की ही २० टक्क्यांची भिंत नाही. मोठी कमाई तर त्यानंतरची.

करारावर सही पालकांची, कारण अज्ञानाने, म्हणजे अठराच्या आतल्याने, केलेला करार आपल्याकडे मुळातच रद्दबातल. १९०३ चा मोहरीबीबी खटला, लॉच्या पहिल्या वर्षाला सगळ्यांनी घोकलेला.

गोरेगावचं घर कुणाच्या नावावर आहे ते ठरवलंय का? जुईच्या नावावर ठेवा. अज्ञानाच्या नावावरचं घर बापाला कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६, कलम ८. टाकलंच, तर मूल अठराचं झाल्यावर तीन वर्षांच्या आत ते रद्द करून मागू शकतं. बँक असल्या घरावर कर्ज द्यायला धजणार नाही, खासगी सावकार देईल. आता जुईचा अठरावा वाढदिवस १४ सप्टेंबर २०२५ ला ठेवा. गणपती बसतात २७ ऑगस्टला. मधले अठरा दिवस संपू नयेत असं कुणाकुणाला वाटतंय, याची यादी करा. तुमचा गुन्हेगार त्या यादीत आहे.

तिरफळ

उंबरठाराव, कादंबरी तुम्हीच लिहा. (हलके घ्या.)

पांढरी_पाच

स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करतो. आवाजाच्या प्रश्नावर माझा चहा थंड झाला.

'स्पेक्ट्रम बघितला आणि कळलं' असं दाखवू नका, मीराकडे ते कुठून येणार? तिच्याकडे पेटी आहे ना? मग पेटीच साक्षीदार करा.

पेटीचे सूर समान अंतरांवर बसवलेले असतात, एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत सारखंच अंतर. तानपुऱ्यावर गाणारा गळा तसा लागत नाही. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. शंभर सेंटचा एक अर्धस्वर धरला तर सुमारे चौदा सेंटने. गवई लोक पेटीवर नाक मुरडायचे त्याचं हे एक कारण. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदीच घातली होती, ती १९७१ मध्ये सैल झाली.

जुई तानपुऱ्यावर शिकलेली. ती काळी चार या पट्टीत गात असेल तर मीराचा पेटीचा गंधार आणि जुईचा गंधार एकत्र वाजले की सेकंदाला साधारण दोन हेलकावे ऐकू येतील, वँव-वँव असे. दोघींचं लहानपणापासूनचं भांडण हेच. जुई म्हणायची, "तुझी पेटी गंधाराला टोचते." मीरा म्हणायची, "मग स्वतःच वाजव."

आता स्टुडिओत काय होतं? १९९७ मध्ये ऑटोट्यून आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचं विश्लेषण करायचे, हे जाता जाता. त्यातून गेलेलं गाणं सहसा पेटीच्या अंतरांवर आणून बसवलं जातं. जुईचे मागच्या तीन वर्षांतले सगळे ट्रॅक असेच धुऊन निघालेत असं समजा. ज्याने खोटा संदेश बनवला त्याने बोलणं मशीनकडून करून घेतलं आणि शेवटची गुणगुण एखाद्या अल्बमच्या सुट्या व्होकल ट्रॅकवरून (वाद्यांशिवाय नुसता गळा) उचलली.

मीरा रात्री तो संदेश लावते. सवयीने पेटीवर गंधार धरते. आणि गंधार टोचत नाही.

सुटा व्होकल ट्रॅक कुणाकडे असतो? स्टुडिओ, संगीतकार आणि ज्याच्याकडे जुईची हार्ड डिस्क आहे तो. संशयितांची यादी एका फटक्यात तीनवर आली.

शाईपेन

पांढरी_पाच, मी आत्ता उठून उभी राहिलेय. "तुझी पेटी गंधाराला टोचते" हे वाक्य घेतलं हं, परवानगी गृहीत धरून.

उंबरठा, वाढदिवसाची तारीख १४ सप्टेंबर पक्की. घर जुईच्या नावावर. पण मग गुन्हेगार वडीलच होतात ना? ते मला जड जातंय.

चष्मेवाली

नेमकं हेच लिहायला आले होते. कलाकार मुलाची गोष्ट आली की आईबापांना धोपटायचं, ही आता फॅशनच झाली आहे. माझी मुलगी बारा वर्षं भरतनाट्यम करतेय. पहाटे उठून तिला क्लासला सोडणारे, अरंगेत्रमसाठी दागिने गहाण टाकणारे आम्हीच होतो, आणि त्यात आम्हाला काय मिळालं? मूल चमकलं तर आईबाप हावरे, नाही चमकलं तर मागासलेले.

डग्गा

चष्मेवाली, तुमचा राग समजतो. मी काही वर्षं अशा स्पर्धांच्या ऑडिशनना आणि वाद्यवृंदात तबल्याला बसलो आहे. जे पाहिलं ते सांगतो, कुणाचं नाव घेत नाही.

सकाळी सातला लांबलचक रांग. पोरांच्या छातीवर नंबरचे स्टिकर. प्रत्येक आईच्या हातात कोमट पाण्याचा थर्मास, पर्समध्ये ज्येष्ठमध. कुणी केळं दिलं तर आई झडप घालून काढून घेणार. दुपारी अडीचला नंबर लागेपर्यंत पोराचा गळा बसलेला. आत तीन मिनिटं. बाहेर आलं की कॅमेरावाला म्हणतो, "रडू येतंय का? थांब, लाइट घेतो." पोरगं थांबतं. खरंच थांबतं हो. रडू धरून ठेवतं लाइट येईपर्यंत.

परीक्षकांच्या डोळ्यांतलं पाणी कधीकधी वेगळ्याच गाण्याच्या वेळी टिपलेलं असतं, तेही सांगून टाकतो.

हे सगळं करणारा एकही माणूस राक्षस नव्हता. कॅमेरावाला मला रोज डब्यातली पोळी द्यायचा.

मुलग्यांचं तर आणखी वेगळं. तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो. काल ज्याला लोक उचलून घेत होते त्याला आज वरचा षड्ज लागत नाही. कार्यक्रमांच्या सुपाऱ्या दोन-दोन वर्षं आधी घेतलेल्या. एक पोरगा स्टेजवर ओठ हलवायचा आणि मागून त्याचंच जुनं ध्वनिमुद्रण वाजायचं. तो मला म्हणाला, "काका, मी माझीच नक्कल करतो." शाईपेन, जुईच्या आसपास असा एक मुलगा असू द्या. त्याच स्पर्धेत पहिला आलेला, आता कुणाला नाव आठवत नाही असा. संशयित म्हणून उत्तम, आणि खरी माहिती त्याच्याकडेच असेल.

हडसनकाठचा_बाब्या

इकडचे, अमेरिकेतले, दोन दाखले देतो, कामाला येतील.

बालकलाकार जॅकी कूगन. १९२१ मध्ये चॅप्लिनसोबत पडद्यावर आला आणि जगभर गाजला. सज्ञान झाल्यावर बघतो तर लाखो डॉलरची कमाई आई आणि सावत्र बापाने उडवलेली. १९३८ मध्ये त्याने खटला भरला. हाती लागले सव्वा लाखाच्या आसपास डॉलर. त्यावरून कॅलिफोर्नियात १९३९ मध्ये कूगन कायदा आला. आज १५ टक्के रक्कम मुलाच्या नावाने अडकवून ठेवावी लागते. उंबरठांनी सांगितलेले आपले २० टक्के त्याच जातीचे. इलिनॉयमध्ये १ जुलै २०२४ पासून आईबापांच्या व्हिडिओंत झळकणाऱ्या सोळाच्या आतल्या मुलांचाही वाटा बाजूला ठेवावा लागतो.

दुसरा दाखला काळा आहे. गायिका आलिया आणि गायक आर. केली. १९९४ मध्ये त्याने तिच्याशी लग्न केलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. विवाहाच्या कागदावर वय अठरा. पुढच्या वर्षी लग्न रद्द झालं. २०२१ मध्ये ब्रुकलिनच्या कोर्टात त्याच्या जुन्या टूर मॅनेजरने साक्ष दिली की खोट्या ओळखपत्रासाठी सरकारी कचेरीतल्या माणसाला ५०० डॉलर चारले होते. अल्पवयीन मुलींच्या शोषणाचे त्याच्यावरचे आरोप शिकागोच्या पत्रकारांनी २००० मध्येच छापले होते. शिक्षा झाली २०२२ मध्ये, तीस वर्षांची. मधली बावीस वर्षं गाणी वाजत होती, तिकिटं विकली जात होती, आणि आजूबाजूच्या कित्येकांना माहीत होतं. मला त्या केसमध्ये सगळ्यात भयानक वाटतो तो ५०० डॉलर घेणारा कारकून. त्याचं नावही कुणाला आठवणार नाही.

तिरफळ

बाब्या, ते पाचशे डॉलर डोक्यातून जाईनात आता.

शिल्लक

सीए आहे, उशिरा आले. सगळे घराच्या गहाणखतावर अडकलेत, पण जुईला संशय आला कशामुळे? मी सांगते.

अज्ञान मुलांचं उत्पन्न एरवी आईबापांच्या उत्पन्नात मिळवतात. पण मुलाने स्वतःच्या कलेवर, कौशल्यावर मिळवलेलं असेल तर ते त्याचंच. म्हणजे जुईचा स्वतःचा पॅन असणार. अज्ञानाच्या पॅन कार्डावर फोटो नसतो, सही नसते. आणि आयोजक मानधनातून दहा टक्के टीडीएस कापतात तो या पॅनवर जमा दिसतो. फॉर्म २६ एएस उघडला की कुणी, कोणत्या तारखेला, किती मानधन दिलं हे ओळीने समोर.

जुईला घरी सांगितलंय, "नाशिकचा कार्यक्रम धर्मादाय होता, पैसे नव्हते." २६ एएसमध्ये नाशिकचा आयोजक आहे आणि त्याच्यासमोर आकडा आहे. लॉगिनचा ओटीपी आईच्या मोबाइलवर येतो, आणि आईचा मोबाइल रील टाकायला दिवसभर जुईच्याच हातात असतो.

आणखी एक. यूट्यूबचे पैसे घेणारं खातं अठराच्या आतल्यांना स्वतःच्या नावाने मिळत नाही, मोठ्या माणसाचं जोडावं लागतं. तेव्हा चॅनलची सगळी कमाई आईच्या खात्यात. जुईच्या कागदावर त्यातला रुपयाही दिसणार नाही. म्हणजे वडील गहाणखतात अडकलेले आणि आईला अठराव्या वाढदिवसाची वेगळीच धास्ती. नवरा-बायको एकमेकांपासून लपवतायत. हे लिहिताना मलाच काटा आला.

चष्मेवाली

शिल्लक, हे पटलं. दोघं हावरे असण्यापेक्षा दोघं घाबरलेले असणं मला खरं वाटतं. नोकरी सोडलेल्या पन्नाशीच्या माणसाला परत कोण उभं करणार आहे?

कन्येला (वय पंधरा) धागा वाचायला दिला. तिचं म्हणणं जसंच्या तसं: "मीराला डायरी सापडते असं काही लिहू नका प्लीज. डायरी कोणी लिहीत नाही. जुईचं एक सिक्रेट अकाउंट असणार, वीस-बावीस फॉलोअर्सवालं, त्यात घाण आलेले फोटो आणि बेसूर गाणी. आणि मीरा त्यात नसणार. तिला त्याचं वाईट वाटणार." मग म्हणाली, "आणि ती किडनॅप झालेलीच नसणार, कंटाळून गेली असणार. मीही गेले असते."

त्यानंतर आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही, तो भाग इथे लिहीत नाही.

उंबरठा

कन्येला माझा नमस्कार. कायद्याने ती बरोबर चाललीय. जुई स्वतः गेली, यात तिचा गुन्हा काहीच नाही. गुन्हा आहे तो खोटा संदेश. तो कुणी आणि का पाठवला? पाठवणाऱ्याला ती कुठे आहे हे माहीत नाही, पण पोलिसांनी आणि आयोजकांनी शोध थांबवावा अशी त्याची इच्छा आहे. विम्याचा, आगाऊ रकमेचा हिशोब त्यात आला.

एक पुस्ती. आवाजाची नक्कल हा मुंबई उच्च न्यायालयात गाजलेला विषय आहे. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगने दाद मागितली आणि त्याच्या परवानगीशिवाय त्याचा आवाज यंत्राने बनवायला कोर्टाने अंतरिम मनाई केली. जुईच्या करारात 'आवाजाचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असं एक कलम टाका. त्यावर वडिलांची सही. पाठवणारा छातीठोकपणे म्हणेल, "मी काय चोरी केली? हा आवाज कंपनीचाच आहे." किशोरवयीन वाचकाला खलनायक असा दाखवा, ज्याच्याकडे कागद आहे.

तिरफळ

म्हणजे फिरून मॅनेजरच! गॉगल तरी काढा त्याचा.

डग्गा

मॅनेजर कशाला, ध्वनिमुद्रण सांभाळणारा पोरगा असू दे. पंचविशीतला, जुईला ताई म्हणणारा, पगार थकलेला. त्याला सांगितलं, "एवढं एक क्लिप बनव, तिच्या आईचा जीव शांत होईल." त्याने बनवली. बाब्यांच्या पाचशे डॉलरवाल्या कारकुनाचा धाकटा भाऊ.

पांढरी_पाच

आमच्या धंद्यातला माणूस गुन्हेगार केल्याबद्दल निषेध. पण असंच होईल. मला कुणी असं सांगितलं असतं तर पंचविसाव्या वर्षी मीही बनवली असती.

शाईपेन

सगळ्यांचे मनापासून आभार. आता इतकं ठरलं: जुई स्वतः गेली. संदेश त्या पोराने बनवला, सांगणारा वेगळा, आणि सांगणाऱ्याकडे सहीचा कागद आहे. आईवडील दोघंही घाबरलेले, वेगवेगळ्या कारणांनी. पहिला आलेला मुलगा आहे, तो आता रत्नागिरीत मोबाइलच्या दुकानात बसतो. डायरी रद्द, सिक्रेट अकाउंट मंजूर. गंधाराचं प्रकरण सातवं, बालकल्याण समिती शेवटून दुसरं.

चष्मेवाली, कन्येला विचाराल का, मीराला त्या अकाउंटमध्ये शिरकाव कसा मिळेल? पासवर्ड ओळखला असं मला लिहायचं नाहीये.

शिल्लक, २६ एएस फोनवर उघडलं तर पहिल्या पडद्यावर काय दिसतं तेवढं व्यक्तिगत निरोपात कळवा. नाशिकच्या ओळीपर्यंत जुईचं बोट किती खाली सरकेल ते मला नीट लिहायचं आहे.

चष्मेवाली

विचारलं. म्हणाली, "मीरा रिक्वेस्ट पाठवते आणि जुई ॲक्सेप्ट करते. रात्री तीनला. म्हणजे ती जिवंत आहे हे कळतं ना."